छप्पर, शेजार आणि नियत

एखादे चांगले काम आपल्या हातून घडते तेव्हा ते कोणत्या कारणाने घडले, हा प्रश्न आपण सहसा स्वतःला विचारत नाही. वाईट काम घडले की कारणे तयार असतात : परिस्थिती, संगत, नाइलाज. चांगल्या कामाचे श्रेय मात्र आपण कोणतीही चौकशी न करता स्वतःच्या चांगुलपणाला देऊन मोकळे होतो. इस्लामने कर्माचे मोल हेतूशी जोडलेले आहे, म्हणून श्रद्धावंताला ही सवलत नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांची हेतूविषयीची हदीस आपल्यापैकी बहुतेकांना लहानपणापासून पाठ असते. इमाम बुखारी यांनी आपल्या ग्रंथाचा आरंभच तिने केला आहे. त्या हदीसच्या प्रकाशात आज एका अगदी घरगुती गोष्टीचा विचार करू या. ती गोष्ट आहे आपल्या छपरावरच्या सौर पॅनेलची.

गेल्या दोन-तीन वर्षांत नागपूरच्या छपरांचे रूप पालटले आहे. मानेवाड्यापासून जरीपटक्यापर्यंत आणि मानकापूरपासून जाफरनगरपर्यंत पाण्याच्या टाकीशेजारी निळसर-काळ्या पॅनेलच्या रांगा दिसू लागल्या आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र शासनाने 'प्रधानमंत्री सूर्यघर' योजना आणली. तिच्यात एक किलोवॅटला ३०,००० रुपये, दोन किलोवॅटला ६०,००० आणि तीन किंवा अधिक किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. या योजनेत नागपूर जिल्हा राज्यात आघाडीवर राहिला. वास्तविक सूर्याशी या शहराचे नाव त्याआधीच जोडले गेले होते. केंद्राने २००८ मध्ये सौर शहरांचा कार्यक्रम आखला, तेव्हा 'आदर्श सौर शहर' म्हणून ज्यांची निवड झाली त्यांत नागपूर होते. सामान्य घरांच्या छपरांवर मात्र त्याचे फारसे चिन्ह उमटले नाही. ऊन तेव्हाही हेच होते. २३ मे २०१३ रोजी या शहरात ४७.९ अंश तापमान नोंदले गेले आहे, म्हणजे सूर्याने आपल्या बाजूने कधी कसूर केलेली नाही. मग घराघरात हा निर्णय आताच का होऊ लागला?

लोकांना विचारले तर उत्तरे ठरलेली आहेत. कोणी वीजबिलाचे नाव घेतो, कोणी अनुदानाचे. थोडे शिकलेले पर्यावरणाचेही घेतात. परंतु माणूस आपल्या कृतीचे जे कारण सांगतो, तेच तिचे खरे कारण असते असे नाही. २००८ साली अमेरिकेतील काही मानसशास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियातील ८१० लोकांची एक पाहणी प्रसिद्ध केली. आपण वीज का वाचवता, असा प्रश्न होता. लोकांनी पर्यावरणाला पहिले स्थान दिले आणि 'शेजारी वाचवतात म्हणून' या कारणाला शेवटचे. प्रत्यक्ष वर्तनाशी ताडून पाहिले तेव्हा चित्र उलटे निघाले. शेजारी काय करतात याविषयीची ज्याची जी समजूत होती, तिच्याशीच त्याच्या स्वतःच्या वागण्याचा मेळ सर्वांत अधिक होता. सौर पॅनेलविषयीही हेच आढळले. एखाद्या वस्तीत एका घरावर पॅनेल बसले की त्याच वस्तीतील पुढच्या घरावर ते बसण्याची शक्यता वाढते, असे बोलिंजर आणि गिलिंगहॅम या दोन अभ्यासकांनी २०१२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या नोंदींवरून दाखवले. आपल्याकडे हे समजायला कोणा अभ्यासकाची गरज नाही म्हणा. गल्लीत एका घरी पॅनेल बसले, दोन महिन्यांनी त्या घराचे शंभर-दीडशे रुपयांचे बिल मोबाइलवर चार जणांना दाखवले गेले, की पाचव्या घराचा अर्ज भरला जातो.

येथे विचारी वाचकाच्या मनात शंका येईल. शेजाऱ्याकडे पाहून केलेले काम हे अनुकरण झाले. त्यात 'आपणही मागे नाही' हा दिखावा आला, म्हणजे रिया आली. अशा कामाला अल्लाहपाशी काय मोल?

या शंकेचे उत्तर शोधताना 'सहीह मुस्लिम'मधील एका प्रसंगाकडे वळावे लागते. मुदर कबिल्याचे काही लोक मदीनेत आले. अंगावर धड वस्त्र नाही, चेहऱ्यावर उपासमार. त्यांना पाहून प्रेषितांचा (स.) चेहरा पालटला. त्यांनी लोकांना दान देण्याचे आवाहन केले. प्रथम एक अन्सारी गृहस्थ इतकी जड थैली घेऊन आले की ती हातांना पेलवत नव्हती. त्यांना पाहून दुसरा उठला, मग तिसरा, आणि पाहता पाहता धान्याचे व कपड्यांचे दोन ढीग उभे राहिले. प्रेषितांचा (स.) चेहरा आनंदाने उजळला. चांगला पायंडा पाडणाऱ्याला त्याच्या स्वतःच्या कामाचे आणि त्याच्यामागून ते करणाऱ्यांच्याही कामाचे पुण्य मिळते व मागून येणाऱ्यांच्या पुण्यात काही घट होत नाही, ही शिकवण त्यांनी त्याच वेळी दिली. लक्षात घ्या, त्या दिवशी मागून उठलेले सर्व लोक पहिल्याला पाहूनच उठले होते. त्यांना कोणी 'नकलाकार' म्हटले नाही. दान गुप्त असावे हे श्रेष्ठ खरे, पण उघड दानही चांगलेच, असे दिव्य कुरआनने सूरह अल-बकरहमध्ये स्पष्ट केले आहे. उघड केलेल्या चांगल्या कामाचा एक लाभ गुप्त कामाला नसतो : ते पाहून दुसऱ्याचे पाय उचलले जातात.

तेव्हा शेजाऱ्याकडे पाहून चांगल्या कामाला लागणे हा दोष मानण्याचे कारण नाही. मनुष्य एकट्याने नेक होत नाही, म्हणून तर जमातीची नमाज आहे. दोष सुरू होतो तो वेगळ्या जागी. शेजाऱ्याने तीन किलोवॅट बसवले म्हणून गरज नसताना आपण पाच बसवायचे, आणि आपल्या पॅनेलची उंची रस्त्यावरून दिसेल अशीच ठेवायची, ही सूरह अत-तकासुरने सांगितलेली चढाओढ झाली. अनुकरण आणि चढाओढ बाहेरून सारखीच दिसतात, पॅनेलवरून ती ओळखता येत नाहीत. त्यांतला फरक ज्याचा त्यालाच ठाऊक, आणि त्याच्या रबला.

उदाहरण घालून देण्याचा विषय निघाला आहे, तर त्याची दुसरी बाजूही पाहू. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात ५८ गावांमध्ये स्वयंसेवक नेमून लोकांना छपरावर सौर पॅनेल बसवण्याचे आवाहन केले गेले. २०१८ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या स्वयंसेवकांनी त्या कार्यक्रमातून स्वतःच्या घरी पॅनेल बसवले होते, त्यांच्यामुळे इतरांच्या तुलनेत ६२.८ टक्के अधिक कुटुंबे तयार झाली. जे स्वतः करत नाही ते इतरांना का सांगता, असा जाब सूरह अस-सफच्या आरंभी श्रद्धावंतांना विचारला गेला आहे. आपण तो आजवर पापपुण्याचा प्रश्न म्हणून वाचला. तो परिणामाचाही प्रश्न आहे, हे या अभ्यासावरून कळते. ज्याच्या बोलण्यामागे कृती नाही, त्याचे बोलणे लोकांच्या मनात उतरत नाही.

आमच्या मस्जिदींच्या व्यवस्थापक मंडळांनी यावर विचार करावा. जुम्याच्या खुतब्यात उधळपट्टीविरुद्ध प्रवचन चालू असते आणि रिकाम्या वरच्या मजल्यावरचे सगळे पंखे फिरत असतात, हे दृश्य दुर्मीळ नाही. जकार्ताच्या इस्तिकलाल या विशाल मस्जिदीच्या छपरावर २०१९-२० च्या नूतनीकरणात पाचशेहून अधिक सौर पॅनेल बसवली गेली. मोरोक्कोने २०१४ पासून आपल्या मस्जिदींमध्ये सौरऊर्जा आणि कमी विजेचे दिवे बसवण्याचा राष्ट्रीय कार्यक्रमच हाती घेतला. नमाज झाल्यावर माणसे मस्जिदीच्या पायऱ्यांवर थांबून बोलतात. त्या पायऱ्यांवरून जे दिसते ते घरी जाते. (ओघात एवढे सांगितले पाहिजे की असा खर्च जकातीतून करू नये. जकात ही विशिष्ट हकदारांच्या मालकीत जाण्यासाठी आहे, आणि मस्जिदीच्या बांधकामाला ती लागू होत नाही असेच बहुसंख्य फकीहांचे मत आहे.)

आता वीजबिलाकडे वळू, कारण बहुतेक घरांत खरे बोलणे तेथेच होते. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत : शंभर युनिटांपर्यंत एक दर, पुढे तीनशेपर्यंत दुसरा, मग पाचशेपर्यंत आणि त्यापुढे आणखी चढे. यातून असे होते की ज्या घरात वातानुकूलन यंत्र आहे, त्याला सौर पॅनेलचा लाभ सर्वाधिक. ज्या घरात दोन पंखे, एक कूलर आणि एक फ्रिज, त्याला कमी. २०२५ मध्ये राज्य शासनाने कमी वापराच्या व दारिद्र्यरेषेखालील घरांसाठी जादा अनुदान देऊ केले ते याच कारणाने. बिल वाचवण्याच्या हेतूने पॅनेल बसवणे यात गैर काहीच नाही. कुटुंबासाठी केलेला खर्च आणि कुटुंबासाठी केलेली बचत यांनाही आपल्या धर्माने पुण्याच्या खात्यात जागा दिली आहे. नागपूरच्या मे महिन्यात घरातील वृद्ध आईला रात्रभर कूलर चालवता यावा, बिलाच्या धास्तीने तो मध्यरात्री बंद करावा लागू नये, ही इच्छा कोणत्याही पर्यावरणवादी घोषणेपेक्षा खालच्या दर्जाची नाही.

परंतु या हिशेबात एक माणूस कधी येत नाही, तो म्हणजे कोराडीचा रहिवासी. आपल्या शहराच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेडा ही दोन मोठी औष्णिक वीजकेंद्रे आहेत. कोराडीत ६६० मेगावॅटचे तीन संच आहेत, खापरखेड्याची क्षमता १,३४० मेगावॅट. आपल्या देशातील कोळशात राखेचे प्रमाण तीस ते चाळीस टक्के असते. महिन्याला तीनशे युनिट वापरणाऱ्या घराचा हिशेब केला, तर त्यासाठी साधारण दोनशे किलो कोळसा जळतो आणि साठ-सत्तर किलो राख उरते. ती राख आपल्या अंगणात पडत नाही. ती ज्यांच्या अंगणात, विहिरीत, वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते, ते आपल्याच जिल्ह्याचे लोक आहेत. जुलै २०२२ च्या मुसळधार पावसात खसाळा येथील राखेच्या तलावाचा बांध फुटला, तेव्हा ती चिखलराख शेतांत आणि नाल्यांत पसरली. ज्या कन्हान नदीचे पाणी नागपूर पिते, तिच्याच खोऱ्यात हे घडले. मे २०२३ मध्ये कोराडीत आणखी दोन संचांसाठी जनसुनावणी झाली.

शेजाऱ्याला आपल्या उपद्रवापासून सुरक्षित वाटत नसेल तर ईमानच शंकास्पद ठरते, इतक्या कठोर शब्दांत हदीसने शेजाऱ्याचा हक्क सांगितला आहे. आपण शेजार म्हणजे भिंतीला लागून असलेले घर समजतो. ज्या काळी मनुष्याच्या चुलीचा धूर फार तर चार घरांपर्यंत जात होता, त्या काळी ते पुरेसे होते. आज आपल्या चुलीचा धूर वीस किलोमीटरवर निघतो. मग आपला शेजारी कोण? दिवा आपल्या घरात आणि धूर दुसऱ्याच्या छातीत अशी ही विभागणी आपण केलेली नाही, हे मान्य. छपरावर पर्याय उपलब्ध झाल्यानंतर मात्र ती विभागणी आपल्याला ठाऊक नव्हती असे म्हणता येणार नाही. बिलासाठी पॅनेल बसवणाऱ्याने या एका माणसाची आठवण आपल्या हेतूत मिसळली, तर त्याचा खर्च एका पैशाने वाढत नाही. एका कामात अनेक चांगले हेतू धरता येतात, आणि हेतू कामाच्या मध्येही सुधारता येतो, असे आपले विद्वान सांगत आले आहेत.

येथपर्यंतचा विचार सोपा होता. पुढचे दोन प्रश्न कठीण आहेत, आणि माझ्या मते हेतूची खरी परीक्षा तेथेच आहे.

पहिला प्रश्न व्याजाचा. तीन किलोवॅटच्या संचाला आज साधारण पावणेदोन ते सव्वादोन लाख रुपये लागतात. अनुदान मिळते, पण ते संच बसून चालू झाल्यावर खात्यात येते, तोपर्यंत पूर्ण रक्कम उभी करावी लागते. म्हणून विक्रेता घरी येतो तेव्हा कर्जाचा अर्जही बरोबरच आणतो. बँका या कामासाठी दोन लाखांपर्यंतचे कर्ज तारण न घेता आणि सवलतीच्या व्याजाने देतात. 'मासिक हप्ता बिलापेक्षाही कमी', हे वाक्य तो ठेवणीतले म्हणून शेवटी उच्चारतो. आमच्या अनेक कुटुंबांची गाडी नेमकी येथे अडते. काहीजण गप्प राहतात आणि काम सोडून देतात. काहीजण म्हणतात, सरकारी योजना आहे, व्याज नाममात्र आहे, चांगल्या कामासाठी आहे.

'चांगल्या कामासाठी' हे शब्द फार जपून वापरले पाहिजेत. रिबाविषयी दिव्य कुरआनची भाषा किती कठोर आहे, हे आपणास सांगणे नको. काम जितके चांगले, तितका मार्ग स्वच्छ असण्याची जबाबदारी अधिक. कोणाची परिस्थिती विशेष असेल तर त्याने सर्व आकडे, म्हणजे किंमत, अनुदान, व्याज आणि मुदत, कागदावर मांडून जाणत्या मुफ्तींसमोर ठेवावेत. चहाच्या टपरीवर फतवा मिळवू नये. परंतु त्याआधी हेही पाहावे की खरोखर दुसरा मार्ग नाही का. एक किलोवॅटचा संच तीन किलोवॅटच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोड्या अधिक खर्चात बसतो, महिन्याला शंभर ते एकशेवीस युनिट देतो आणि बिलाचा चढा टप्पा त्याने पुष्कळदा टळतो. इन्व्हर्टर थोडा मोठा घेतला तर पुढे पॅनेल वाढवता येतात. दहा-बारा कुटुंबांची साधी भिशी, जिच्यात प्रत्येकाला त्याने भरले तितकेच मिळते, यासाठी उत्तम साधन आहे. मात्र बोलीची भिशी, जिच्यात गरजू माणूस रक्कम कमी करून आधी उचलतो, ती व्याजाचीच दुसरी तऱ्हा आहे. तिला भिशी म्हटल्याने ती हलाल होत नाही. आणि आमच्या सधन बांधवांनी कर्जे-हसना हा शब्द केवळ प्रवचनात ऐकण्यासाठी आहे असे समजू नये. अनुदानाचे ७८,००० रुपये जमा होईपर्यंतच्या थोड्या काळासाठी शेजाऱ्याला तेवढी रक्कम बिनव्याजी देणे, यात बुडण्याचा धोका किती आणि पुण्य किती, याचा हिशेब त्यांनीच करावा. घरातील स्त्रीचे दागिने हा मात्र या चर्चेत गृहीत धरण्याचा पर्याय नव्हे. ते तिच्या मालकीचे आहेत. तिने आपणहून दिले तर तिचा मोठेपणा.

दुसरा प्रश्न याहून अवघड आहे आणि त्याची चर्चा मी तरी कोठे ऐकलेली नाही. ज्या छपरावर आपण पॅनेल बसवणार आहोत, ते छप्पर कोणाचे आहे?

मोमिनपुऱ्यात, हसनबागेत, टेका नाक्याच्या गल्ल्यांत शेकडो घरे अशी आहेत की जी वडिलांनी किंवा आजोबांनी बांधली आणि जी आजही कागदावर त्यांच्याच नावे आहेत. वडील हयात असतील तर प्रश्न नाही, घर त्यांचे आहे आणि त्यांची परवानगी पुरेशी आहे. परंतु त्यांचे निधन होऊन दहा-वीस वर्षे लोटली, वाटणी झाली नाही, खाली एक भाऊ, वर दुसरा भाऊ, आणि दोघी बहिणी लग्न होऊन कामठीला किंवा यवतमाळला, अशी स्थिती असेल तर? सूरह अन-निसाने वारसांचे हिस्से ठरवून दिले आहेत. १९३७ च्या शरीअत कायद्याने आपल्या देशात घरासारख्या मालमत्तेला तेच लागू आहेत. वर सांगितलेल्या कुटुंबात आईही हयात आहे असे धरा आणि छप्पर ९६० चौरस फुटांचे आहे असे समजा. आईचा आठवा हिस्सा, म्हणजे १२० चौरस फूट. उरलेल्या ८४० मध्ये प्रत्येक मुलाचे २८० आणि प्रत्येक मुलीचे १४०. तीन किलोवॅटच्या संचाला साधारण ३०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. म्हणजे वरच्या मजल्यावरच्या भावाने तो संच बसवला की त्याचा स्वतःचा संपूर्ण हिस्सा व्यापूनही तो दुसऱ्याच्या हिश्श्यात शिरलेला असतो. शिवाय तो उन्हाची चांगली, म्हणजे दक्षिणेकडची जागा निवडणार, हे वेगळेच. आणि पॅनेलचे आयुष्य पंचवीस वर्षांचे आहे.

संयुक्त मालमत्तेचा असा एकट्याने उपयोग करण्यासाठी इतर हिस्सेदारांची संमती लागते. यात फिकहच्या दृष्टीने काही गुंतागुंत नाही. गुंतागुंत आपल्या मनाची आहे. 'बहिणीला छप्पर काय करायचे आहे', 'ती काही बोलणार नाही', 'तिने तर हिस्सा सोडलाच आहे', ही वाक्ये आपण इतक्या वेळा ऐकली आहेत की ती आपल्याला शरीअतचाच भाग वाटू लागली आहेत. बहीण बोलत नाही, कारण तिला माहेर तुटण्याची भीती असते. भीतीतून आलेल्या गप्प बसण्याला संमती म्हणत नाहीत. आजवर छप्पर ही अशी जागा होती की जिच्यावर पापड वाळत, पतंग उडत, उन्हाळ्यात खाटा पडत. तिचे मोल कोणी मोजले नव्हते, म्हणून बहिणीचा हिस्साही कोणाला टोचत नव्हता. सौर पॅनेलने छपराला उत्पन्न दिले. महिन्याला दोन-अडीच हजार रुपये वाचवणारी जागा आता मोकळी जागा राहिलेली नाही. पंचवीस वर्षांत ती रक्कम काही लाखांच्या घरात जाते. अशा जागेच्या उपयोगातून एका वारसाला वगळून दुसऱ्याने लाभ घेणे याला काय म्हणतात, ते वाचकांनीच ठरवावे.

हाच प्रश्न थोड्या वेगळ्या रूपात भिंतीपलीकडच्या घराशीही येतो. शेजाऱ्याला आपल्या भिंतीत तुळई बसवायची असेल तर त्याला मज्जाव करू नये, अशा आशयाची शिकवण अबू हुरैरा (रजि.) यांच्याकडून आली आहे. लोक तिच्याकडे दुर्लक्ष करतात हे पाहून ते नाराज होत. आज तुळईच्या जागी सावली आली आहे. शेजाऱ्याच्या छपरावर पॅनेल बसले आहे हे ठाऊक असताना आपण टाकीचा कठडा नेमका दक्षिणेच्या अंगाला उंच करावा काय? सावलीचे वेळापत्रक मुसलमानाला शिकवावे लागत नाही. असरची वेळ सावली मोजूनच ठरत आली आहे. आणि आपल्या शहराला तर एक नैसर्गिक देणगी आहे. नागपूर आणि मक्का जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, एक २१.१५ वर तर दुसरे २१.४२ वर. त्यामुळे मेअखेरीस आणि जुलैच्या मध्यास, एक-दोन दिवसांच्या फरकाने, दोन्ही ठिकाणी सूर्य माध्यान्हीला थेट डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. डिसेंबरात मात्र तीच सावली लांब होऊन उत्तरेच्या घरात शिरते. म्हणून कठडा बांधण्यापूर्वी डिसेंबरातील सावली पाहावी.

पॅनेल बसल्यानंतरचा मोह एका परिच्छेदात सांगून पुढे जातो, कारण तो सर्वांना ठाऊक आहे. वीज 'फुकट' झाली की हात सैल होतो. ॲरिझोनातील फिनिक्स या नागपूरसारख्याच तप्त शहरात असे आढळले की छपरावर एक युनिट वीज तयार झाली की घराचा वापर सुमारे ०.१८ युनिटने वाढतो. वाहत्या नदीवर वुजू करतानाही पाण्याची उधळपट्टी असू शकते, ही शिकवण ज्या उम्मतला मिळाली आहे, तिला याचे अधिक स्पष्टीकरण नको. आपल्या छपरावर दुपारी जी वीज उरते ती नष्ट होत नाही. ती खांबावरून उतरून बहुधा सर्वांत जवळच्या घरातच वापरली जाते, मग त्या घराच्या छपरावर पॅनेल असो वा नसो.

परत त्या नऊशे साठ चौरस फुटांकडे येतो, कारण तेथील वाट बंद नाही. पॅनेल ज्याच्या पैशाचे, ती त्याच्या मालकीची, आणि भांडवलाचा लाभही त्याचाच. छप्पर मात्र सर्वांचे. म्हणून भावाने आई, भाऊ आणि दोन्ही बहिणी यांना एकत्र बसवून विचारावे. खरोखरच विचारावे, कळवू नये. बहीण म्हणू शकते की माझ्या हिश्श्याच्या जागेचे वर्षाला काही ठरावीक भाडे दे. ती म्हणू शकते की भाडे नको, पण माझ्या मुलाच्या शिक्षणाला हातभार लाव. ती म्हणू शकते की खुशाल वापर, मला काही नको. किंवा ती म्हणू शकते की आधी घराची वाटणी करा, मग पॅनेलचे पाहू. हे शेवटचे उत्तर ऐकण्याची तयारी नसेल तर विचारण्यात अर्थ नाही. वाटणी झालीच, तर त्याच छपरावर दोन-दोन किलोवॅटचे दोन संच बसू शकतात आणि अनुदान प्रत्येक मीटरला स्वतंत्र मिळू शकते. दोन्ही भावांचे मीटर वेगळे असल्याची खात्री मात्र आधी करावी. जे ठरेल ते लिहून काढावे. देवघेव लिहून ठेवण्याची आणि साक्षीदार घेण्याची आज्ञा सूरह अल-बकरहमध्ये आहेच. संच कोणाचा, जागा किती, मुदत किती, घर विकले किंवा वाटले तर पॅनेल कोणी व किती दिवसांत हलवायची, गळती झाली तर छपराच्या दुरुस्तीचा खर्च कोणाचा, एवढ्या पाच गोष्टी एका कागदावर मावतात. खाली सर्व वारसांच्या सह्या, बहिणींच्या सह्या त्यांच्या नवऱ्यांनी न करता त्यांनी स्वतः केलेल्या, आणि दोन साक्षीदार. त्यानंतर विक्रेत्याला फोन करावा.